अप्पांची चष्म्याची डबी, इसबगोल आणि भाकरी: फायबरने हृदयाचं नक्की किती भलं होतं?

सिंहगडरोडची_सून

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे सासरे, घरात सगळे अप्पा म्हणतात, वय 71. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी छातीत दुखलं आणि दोन स्टेंट टाकावे लागले. घरी सोडताना तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील कागद दिला. सकाळी ओट्स, मग सफरचंद, दुपारी ब्राऊन ब्रेड, संध्याकाळी सूप आणि सॅलड. 'हाय फायबर' तीन ठिकाणी अधोरेखित. भाकरी, उसळ, पेरू, घेवडा असला एक शब्द त्यावर नाही. अप्पा मूळचे सासवडकडचे. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, "हे आजाऱ्याचं जेवण आहे, मला तर घरी सोडलंय" म्हणाले आणि घडी करून दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत ठेवून दिला. मी तरी ओट्स आणले. दोन दिवस खाल्ले, तिसऱ्या दिवशी ती वाटी गच्चीत पारव्यांपुढे दिसली.

मग सोसायटीतल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवलं की इसबगोल आतडी आणि रक्तवाहिन्या दोन्ही झाडून काढतं, गोळ्यांची गरजच राहत नाही. तेव्हापासून रोज रात्री पोह्याचे दोन चमचे इसबगोल अर्धा पेला पाण्यात, आणि त्याच घोटाबरोबर रात्रीच्या सगळ्या गोळ्या एका मुठीत. त्यांचं बघून सासूबाईंनीही सुरू केलं, सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच.

आता आकडे. दिवाळीत अप्पांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 142 होतं. गोळी सुरू झाल्यावर दीड महिन्याने 68. गेल्या आठवड्यात 127! मला वाटलं लॅबवाल्यांनी नमुना बदलला. रविवारी कपाट आवरत होते तर अप्पांची जुनी चष्म्याची डबी हातात घेताच खुळखुळली. उघडली तर आत सतरा पांढऱ्या गोळ्या. कोलेस्टेरॉलची गोळी, अटोर्व्हास्टॅटिन 40. बाहेर आणून समोर ठेवल्या तर चेहऱ्यावर जराही अपराधी भाव नाही. "142 चे 127 झाले की नाही? मग हे इसबगोलानेच झाले. साध्या भुश्याने काम होतंय तर रसायन कशाला?"

डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. तोवर मला एवढंच समजून घ्यायचंय की फायबर खरंच हृदयासाठी काही करतं का, करत असेल तर कसं आणि किती. अप्पांना "डॉक्टर सांगतात म्हणून" हे उत्तर चालत नाही, ते तीस वर्षं वर्कशॉपमध्ये होते, त्यांना यंत्र आतून दाखवावं लागतं. दुसरं म्हणजे ओट्सच हवेत का? आमच्याकडे पूर्वी दोन्ही वेळा भाकरी असायची, सासूबाईंचं मनगट मोडल्यापासून पोळी-भात सुरू झाला. परत भाकरीवर आलो तर फरक पडेल?

औषधवाला_पेठ

बाकी चर्चा नंतर. आधी ती डबी पुन्हा बघा. त्यात रक्त पातळ करणारी गोळी तर नाही ना? स्टेंटनंतर दोन गोळ्या चालू असतात, एक ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. त्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ती गंमत नसते. त्यांच्या पाकिटावरच्या गोळ्या मोजा, तारखेशी ताळा लावा. कोलेस्टेरॉलच्या गोळीसाठीही गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच दवाखान्यात फोन करून सांगा.

मी सव्वीस वर्षं काउंटरवर आहे. इसबगोलाबद्दल लोक एवढे निर्धास्त असतात की ते औषधांच्या यादीत सांगतच नाहीत. अहो, तो भुसा पाण्यात फुगून गोळा होतो. त्या गोळ्यात तुमच्या बाकीच्या गोळ्याही अडकतात आणि अंगी कमी लागतात. म्हणून आधी औषधं, मग निदान दोन तासांनी इसबगोल. सासूबाईंची थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यांचं इसबगोल सरळ संध्याकाळवर ढकला.

अर्धा पेला पाणीही कमी आहे. मोठा पेला भरून हवं, आणि पिऊन लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर घशात किंवा अन्ननलिकेत अडकतं, म्हाताऱ्या माणसांत जास्त. कोणाचं हृदय कमजोर असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

आणि एक. हृदयाच्या पेशंटच्या चिठ्ठीवर इसबगोल पुष्कळदा असतं, पण ते बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलसाठी नसतं. शौचाला कुंथायला लागू नये म्हणून असतं. ग्रुपवरच्या मंडळींचा घोटाळा तिथेच होतो.

सिंहगडरोडची_सून

मोजल्या. हात थरथरत होते खरं सांगते. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही बरोबर तारखेनुसार संपल्यात. अप्पा म्हणाले, "त्या कशाला सोडीन? त्या पाइपातल्या आहेत, ही चरबीची आहे." दवाखान्यात फोन केला. कोलेस्टेरॉलची आजपासून परत सुरू करा म्हणाले, गुरुवारी या. सासूबाईंचं इसबगोल संध्याकाळवर गेलं. बाकी उत्तरं येऊ द्या.

कोथरूडचा_जिना

अप्पांना यंत्र आतून दाखवायचं म्हणता ना, मग मी प्रयत्न करतो. मी बँकेतून निवृत्त, डॉक्टर नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझं एलडीएल 138 आलं, साखर नाही, बीपी नाही, तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने आहारावर बघू म्हटलं आणि मी या विषयाच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट अप्पांना ही सांगा की फायबर रक्तात जातच नाही. आपल्याला ते पचत नाही, म्हणूनच त्याला फायबर म्हणायचं. तोंडातून आत, आतड्यातून खाली, बाहेर. रक्तवाहिनीशी त्याची भेटच होत नाही तर ते झाडणार काय? जे काही करतं ते आतड्यात बसून, दुसऱ्याच्या हातून करवून घेतं.

कसं, तर यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. जेवणातली चरबी पचवायला ती आतड्यात उतरतात. काम झालं की फेकून दिली जात नाहीत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून जवळजवळ 95 टक्के शोषली जाऊन परत यकृतात येतात, पुन्हा वापरली जातात. शेजारणीकडे भरून पाठवलेला स्टीलचा डबा कसा धुऊन परत येतो, तसं. आता मध्ये इसबगोल किंवा ओट्सचा बुळबुळीत गोळा आला की तो काही डबे धरून ठेवतो आणि सरळ बाहेर घेऊन जातो. डबा परत आला नाही की यकृताला नवा आणावा लागतो. नवा आणायला लागतं कोलेस्टेरॉल, ते यकृत रक्तातून ओढून घेतं. रक्तातलं एलडीएल उतरतं. बस, एवढंच यंत्र आहे. आतड्यातले जंतू फायबर आंबवून काही आम्लं बनवतात आणि त्यांचाही थोडा हात असावा असं म्हणतात, पण मुख्य कारभार या डब्यांचा.

म्हणजे बुळबुळीत होणारंच फायबर हे काम करतं. पाण्यात विरघळणारं. ओट्स आणि जव यांतलं बीटा-ग्लुकन, इसबगोल, पेरू-सफरचंदातलं पेक्टिन, कडधान्यातला काही भाग, मेथीदाणे. गव्हाचा कोंडा पाण्यात टाकला तर तसाच तरंगतो, तो पोट साफ करेल, एलडीएलला हात लावणार नाही.

किती, हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या डब्यावर हृदयाचा दावा छापायला 1997 मध्ये परवानगी दिली, इसबगोलाला 1998 मध्ये. पण मात्रेची अट घालून. ओट्समधून रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे साधारण 75 ग्रॅम कोरडे ओट्स. चांगला भरगच्च वाडगा होतो तो! इसबगोलातून रोज 7 ग्रॅम विरघळणारं फायबर, म्हणजे भुसा 10 ग्रॅमच्या आसपास. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पोह्याचा शिगोशीग चमचा 4 ग्रॅम भरला, तेव्हा अप्पांचे दोन चमचे म्हणजे मात्रा वाईट नाही. त्याने एलडीएल उतरतं 5 ते 10 टक्के.

आता अप्पांना वही-पेन्सिल द्या. 142 चे 10 टक्के 14. उरले 128. त्यांचं आलं 127. म्हणजे त्यांचं म्हणणं खोटं नाही, इसबगोलाने जेवढं करायचं तेवढं बहुतेक केलंच, आणि त्यातही थोडं श्रेय दिवाळीनंतर वडापाव बंद झाल्याचं असेल. पण गोळीने 142 चे 68 केले होते, निम्म्याहून जास्त. स्टेंटवाल्यांना 70 च्या खाली, बरेच डॉक्टर तर 55 च्या खाली आणायला सांगतात. भुसा एकटा तिथे पोहोचत नाही. गोळीच्या जोडीला मात्र कामाचा आहे. 10 मिलीग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, म्हणजे अप्पांच्या गोळीचीच बहीण, आणि जोडीला रोज 15 ग्रॅम इसबगोल, याने 20 मिलीग्रॅमच्या गोळीएवढं एलडीएल उतरलं, असा प्रयोग होऊन गेलाय. गोळीचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम 6 टक्क्यांनी आणखी उतरतं, म्हणून हे जमतं.

माझं काय झालं? तीन महिने जव आणि कडधान्यं नेमाने. 138 चे 126. बारा अंक. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी घरभर मेथीदाण्यांचा वास?" माझ्यासारख्याला बारा पुरले. मी स्टेंटवाला असतो तर पुरले नसते.

शंकेखोर_पेठकर

कोथरूडकरांचा डब्यांचा हिशोब पटला. पण एलडीएल उतरणं आणि माणूस वाचणं यात अंतर असतं, त्यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

1989 साली वेल्समधल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 2033 पुरुष. काहींना मासे खायला सांगितले, काहींना चरबी कमी करायला, काहींना धान्याचं फायबर वाढवायला. दोन वर्षांनी बघितलं तर मासे खाणाऱ्यांत मृत्यू कमी. फायबरवाल्यांत काहीही फायदा नाही. शून्य. हा प्रयोग फायबरचे डबे विकणारे कधी सांगत नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पेठेतला माणूस नुसता खोडे घालतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली 185 दीर्घकालीन पाहण्या आणि 58 चाचण्या एकत्र मांडल्या. सर्वांत जास्त फायबर खाणाऱ्यांत सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने होणारे मृत्यू, पक्षाघात, मधुमेह हे सगळं 15 ते 30 टक्क्यांनी कमी, आणि रोज 25 ते 29 ग्रॅमला चांगला फायदा. पण पाहणी म्हणजे पाहणी. जो रोज मोड आलेली मटकी खातो तो बहुधा पर्वतीही चढतो आणि तंबाखूही खात नाही. गुण मटकीचा का पर्वतीचा?

कोथरूडचा_जिना

पेठकर, वेल्सचा प्रयोग बरोबर. पण तिथे गव्हाच्या ब्रेडसारखं धान्याचं फायबर होतं, म्हणजे वर म्हटलं तो तरंगणारा कोंडा, आणि मुदत दोनच वर्षं. रक्तवाहिनीत पन्नास वर्षं साठलेलं दोन वर्षांत कोंड्याने काय हलणार? पाहण्यांबद्दलची शंका मात्र रास्त आहे. त्याच 2019 च्या कामात चाचण्यांमध्ये वजन, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब थोडा उतरलेला दिसला, म्हणून मी सगळं श्रेय पर्वतीला देत नाही. अर्धं देतो.

शंकेखोर_पेठकर

अर्ध्यावर सौदा मान्य.

दत्तवाडीची_डबेवाली

ताई, भाकरीचं मी सांगते. माझं पोळी-भाजी केंद्र आहे, रोज दीडशे भाकऱ्या जातात. त्यात निम्मे डबे हृदयवाल्यांचे आणि साखरवाल्यांचे, त्यामुळे माझी लेक मला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते वाचून दाखवते.

तुम्हाला वाटतं पोळी सोडून भाकरी धरली की फायबर दुप्पट होतं. नाही होत. त्या तक्त्यात 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात 11 ग्रॅमच्या वर आहे, ज्वारीत 10, बाजरीत साडेअकरा, नाचणीतही 11. उन्नीस-बीस. मी पण ऐकून गप्प झाले होते. खरा फरक भातात, सडीक, म्हणजे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नाही. आणि खरा फरक चाळणीत! पोळी मऊसूत व्हावी म्हणून बारीक चाळणीने कोंडा काढून गाईला घालतात, आणि मग बाजारातून डायजेस्टिव्ह बिस्किटं आणतात. ती जरा उलटी करून वाचा, बहुतेकांत आधी मैदा आणि पाम तेल. ब्राऊन ब्रेडचंही तेच, कित्येकदा नुसता रंग.

म्हणून भाकरी करा, पण ती भाकरी म्हणून करा, अप्पांना आवडते म्हणून. भाकरीचा गुण असा की तिच्याबरोबर भात कमी जातो आणि पातळ भाजी, पिठलं, उसळ जास्त जाते. फक्त तोंडी लावणं सांभाळा. भाकरी आली की ठेचा, लोणचं, पापड, खारवलेली मिरची आलीच, आणि मीठ वाढलं की बीपीवाल्याचं काम झालं.

सासूबाईंच्या मनगटासाठी उकड काढा. जेवढं पीठ तेवढं पाणी, त्यात किंचित मीठ, उकळी आली की पीठ घालून गॅस बंद, झाकण दहा मिनिटं. मग हाताला सोसेल इतकं गरम असताना मळा आणि पोळीसारखी लाटा. थापावी लागत नाही, कडेला भेगा पडत नाहीत. ज्वारी मालदांडी घ्या आणि पीठ आठवड्याचंच दळून आणा, जास्त ठेवलं की चिकटपणा जातो आणि मग तुम्ही ज्वारीला नावं ठेवता.

कोलेस्टेरॉलसाठी बुळबुळीत हवं म्हणताय तर आपल्याकडे काय कमी आहे? मटकी, मूग, मसूर, चवळी, वाटीभर शिजलेली उसळ रोज. गवार. भेंडी चिरताना हाताला लागते तीच तार. पेरू सालीबियांसकट, शंभर ग्रॅमला साडेआठ ग्रॅम फायबर, सफरचंदात त्याच्या तिसरा हिस्साही नाही, किंमत बघा. जवाचं पीठ मूठभर थालीपिठाच्या भाजणीत घाला, अप्पांना कळणारही नाही. दुकानात सातूचं पीठ म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा गहू आणि डाळवंच असतं, विचारून घ्या.

एकदम सगळं सुरू करू नका हं. माझ्या एका गिऱ्हाइकाने पहिल्याच दिवशी राजमा, मटकी, मेथीदाणे, इसबगोल सगळं केलं आणि रात्रभर गॅसने तडफडला, त्याला वाटलं दुसरा झटका आला. दर आठवड्याला एकेक वाढवा, पाणी वाढवा.

एकादशी असेल तर साबुदाणा खिचडी विसरा. फायबरच्या नावाने शून्य, वर तूप. राजगिरा करा.

सिंहगडरोडची_सून

गुरुवार झाला. डॉक्टरांनी अप्पांना आवाज न चढवता झापलं, तेच जास्त लागलं. गोळी चालू, इसबगोलही चालू ठेवा म्हणाले, पण रात्रीच्या गोळ्यांपासून लांब, संध्याकाळी सहाला. दीड महिन्याने पुन्हा तपासणी. आहाराच्या कागदाचं विचारलं तर म्हणाले तो सगळ्यांना देतात तोच, घरचं खा.

खरं काम त्याच्या आदल्या रात्री झालं होतं. मी काचेच्या पेल्यात दोन चमचे इसबगोल आणि अर्धा पेला पाणी घातलं आणि अप्पांसमोर ठेवून बातम्या लावल्या. बातम्या संपेपर्यंत त्यात चमचा उभा राहिला. अप्पांनी पेला उलटा केला, काही पडलं नाही. बोटाने दाबून बघितलं. बराच वेळ वर्कशॉपमधला जुना सुटा भाग बघावा तसे बघत होते. मग म्हणाले, "हे जर रक्तवाहिनीत जात असतं तर मी पहिल्या रात्रीच गेलो असतो." स्टीलच्या डब्यांचं उदाहरण त्यांना फारसं आवडलं नाही, ते त्याला कूलंटचं सर्किट म्हणतात. लगेच त्या ग्रुपवर चार परिच्छेदांचं उत्तर टाकलंय, पेल्याच्या फोटोसकट. दोघांनी ग्रुप सोडला.

काल उकडीची भाकरी केली. पहिली दोन फाटली, तिसरी चंद्रासारखी. सासूबाईंनी स्वतः लाटली, एका हाताने जास्त, एका हाताने कमी. अप्पा अडीच भाकऱ्या आणि मटकीची उसळ जेवले आणि भाताचं नावही काढलं नाही. ठेचा मागितला, दिला नाही, रुसले.

छापील कागद दूधवाल्याच्या वहीतच आहे. मागच्या कोऱ्या बाजूला सासूबाईंनी सामानाची यादी लिहिलीय. सगळं मिळालं, जव तेवढे राहिले. वाण्याने पूजेचे म्हणून जे दिले ते तुसासकट आहेत. चालतील का?

दत्तवाडीची_डबेवाली

नाही, ते परत करा. तूस काढलेले सांगा, भुसार मालाच्या दुकानात मिळतात. आणि दळायला देताना गिरणीवाल्याला ज्वारीनंतर लावायला सांगा, गव्हानंतर नको, भाजणीला चव बिघडते.